बरणीतला आकडा

अक्का,

तुझ्या तेराव्याहून मी परवा नगरला परत आले. काल लॅबमध्ये गेले तर टेबलावर एक तपकिरी बरणी ठेवलेली होती. चोवीस तासांची लघवी. श्रीगोंद्याकडच्या कुणा बाईची, वयानं तुझ्याएवढीच. मी बरणी हलवली, मोजपात्रात ओतली, किती भरली ते लिहिलं आणि हात धुवायच्या नळाशी उभी राहून रडले. डॉक्टर आत आले, माझ्याकडं बघितलं आणि दार ओढून घेत परत बाहेर गेले. भला माणूस आहे. नंतर मी ते काम पुरं केलं, कारण त्या बाईचा नवरा बाहेर बाकावर बसून होता आणि त्याला दुपारची एसटी गाठायची होती.

तुला लिहायचं कारण असं, की तेराव्याच्या दिवशी तुझ्या घरात मी एक गोष्ट केली. आईच्या बाबतीत. ती तुला माझ्याच तोंडून कळायला हवी. पण ती सांगायची तर आधी आपलं भांडण सांगावं लागेल, आणि ते तू अर्धवट टाकून गेलीस. तुझी जुनीच खोड. लहानपणीही हरायला लागलीस की तुला नेमकं गोठ्यातलं काम आठवायचं.

दाजी तुला घेऊन आले तेव्हा तुझा चेहरा मी पहिल्यांदा ओळखलाच नाही. डोळ्यांखाली सूज, पायात चपला जात नव्हत्या म्हणून त्या पिशवीत घातलेल्या. सोनईच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाजींच्या सदऱ्याच्या खिशात. कारखान्यात ऊसगाड्यांच्या काट्यावर बसणारा माणूस, त्यामुळं येताच त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो मापाचाच. म्हणाले, "कुसुमताई, हिची किडनी किती खराब झालीय ते मोजता येतं का?" मी म्हटलं, येतं. एवढ्या आत्मविश्वासानं म्हटलं की जणू मोजलं की बरंच होतं.

आमच्या डॉक्टरांनी तुला तपासलं आणि सरळ सांगितलं. किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते ते आधी काढू. धडधाकट माणसाचा आकडा शंभर मिलिलिटरच्या आसपास असतो. तुझा आला बारा. ते म्हणाले, हिला आता नगरातच ठेवा. अळणी जेवण, मोजून पाणी, दर आठवड्याला रक्त. महिन्याभरानं पुन्हा आकडा काढू. वाढला तर घरी जाऊ दे, नाही वाढला तर पुढचं बघू, पण तोवर खेड्यात पाठवणार नाही. दाजी मान डोलावून मोकळे झाले. तू मात्र डॉक्टरांना विचारलंस, "मंदीला कोन बघंल?" मंदी तुझी पाच वर्षांची. डॉक्टरांकडं त्या प्रश्नाचं औषध नव्हतं.

तेव्हापासून तुझं घरी जाणं त्या एका आकड्यावर टांगलं गेलं. आणि तो आकडा काढणारी मी.

माझी खोली तुला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कापडबाजारामागं, जिना चढून एकच खोली, एकच खिडकी आणि खिडकीतून हातभर अंतरावर समोरच्यांची भिंत. संडास खाली चौक ओलांडून, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून. नळ सकाळी तासभर, तोही त्या दुष्काळाच्या वर्षी कधी यायचा, कधी नुसता फुसफुसायचा. तू शेतातली बाई. सकाळी मी कामावर जायची ती संध्याकाळी परत येईपर्यंत तू त्या भिंतीकडं तोंड करून बसलेली असायचीस. एकदा म्हणालीस, "कुशे, ह्या भिंतीवरची पोपडी न् पोपडी मला पाठ झाली. इचार कंचीबी." मी हसले. तू हसली नव्हतीस.

अळणी जेवणाचं तर विचारू नको. पहिल्या दिवशी बिनमिठाची आमटी तोंडात घातलीस आणि माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी ती तुझ्यावर सूड उगवायला केली होती. मग मीही अळणीच जेवायला लागले. ताटाला ताट लावून दोघी पाणीदार आमटी भुरकायचो आणि मीठ हा शब्द कुणी काढायचा नाही असं ठरलं होतं. तूच मोडायचीस. म्हणायचीस, "हिच्यात तेवढं काहीतरी कमी हाय बघ."

एका रविवारी आपण रेशनचा गहू निवडत बसलो होतो. तू विचारलंस, "पोट न फाडता तुमाला कसं कळतं गं, किती रक्त साफ झालं ते? कुनी आत बसून मोजतं का?" सुपातला गहू समोरच होता, म्हणून त्याच्यावरूनच मी सांगितलं. समज, तू दिवसभर खडे निवडतेस. संध्याकाळी मी येते. तू किती गहू निवडलास ते मी बघितलेलं नाही, कारण निवडलेला गहूही तू परत त्याच पोत्यात टाकतेस. पण तू काढलेले खडे एका वाटीत आहेत. मी ते मोजते, वीस भरतात. मग पोत्यातला एक शेर गहू घेऊन त्यात किती खडे आहेत ते बघते, दोन निघतात. म्हणजे तू दहा शेरांएवढं काम केलंस. वाटी म्हणजे ही बरणी, पोतं म्हणजे तुझं रक्त, आणि खडे म्हणजे क्रिएटिनिन नावाचा कचरा. अंगातल्या मांसातून तो रोज तेवढाच तयार होतो. बरणीतला दिवसाचा कचरा काढायचा, रक्तातल्या कचऱ्यानं भागायचं, दिवसाच्या मिनिटांनी भागायचं, झाला आकडा.

तू सूप खाली ठेवलंस. म्हणालीस, "म्हंजी वाटीतले खडे वाढले की गहू जास्ती निवडला असं तू धरनार." मी म्हटलं, अगदी बरोबर. मला कौतुक वाटलं तुझं. शाळा तू चौथीतच सोडलीस, कारण गुरांकडं बघायला कुणीतरी हवं होतं. त्याच वर्षी बाबांना सांगितलंस, मी गुरं बघते, पण हिला शिकू द्या. ते सांगितलं नसतंस तर आज मी गुरांमागं असते आणि तुझ्या बरणीचं दुसऱ्या कुणीतरी काहीतरी केलं असतं. हे तुला कधी म्हणाले नाही. एरवी मला बोलायला तोंड कमी पडत नाही.

शेवटी एक बारीक गोष्ट उरते, तीही सांगितली. येणारा आकडा माणसाच्या अंगाच्या मापाला लावून घ्यायचा. उंची आणि वजनावरून कातडीचं क्षेत्रफळ काढायचं आणि पावणेदोन चौरस मीटरच्या माणसाशी जुळवायचं. तू विचारलंस, "हा पावणेदोनचा मानूस कोन?" मी म्हटलं, परदेशातला असेल कुणी. "आन् मी किती?" सव्वाच्या थोडं वर. त्यावर तू गव्हात हात घातलास आणि म्हणालीस, "मंग त्या बाप्याशी माझी जोड कशाला लावता, नवरा हाय मला." त्या दिवशी आपण खूप हसलो. त्या खोलीत तेवढं एकदाच.

महिना भरत आला तेव्हा आई आली, राजूरहून, दोन एसट्या बदलून. येताना तांदूळ, नागलीचं पीठ आणि तुझ्यासाठी काळजीचं गाठोडं. दुसऱ्या बरणीचा दिवस ती असतानाच पडला. मी दोघींना नियम समजावून सांगितला. सकाळी उठल्यावरची पहिली बाहेर टाकायची. तिथून पुढचा दिवस, रात्र आणि दुसऱ्या सकाळची त्याच वेळेची, सगळी बरणीत. एक थेंब इकडंतिकडं नाही. बरणीत जंतू वाढू नयेत म्हणून औषध घातलंय, त्याचा वास घेत बसू नका. आईनं सगळं देवाचं ऐकल्यासारखं ऐकलं. तू बरणी मोरीच्या कोपऱ्यात ठेवलीस आणि फळीवरच्या देवांपुढं जुन्या पातळाचा तुकडा पडद्यासारखा बांधलास. मी म्हटलं, देवांनाही कोंडलंस होय. तू म्हणालीस, "त्यांनी कशाला बघायचं."

दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं, बरणी मोजली, कामाला बसले. ही कृती मला झोपेतही येते. पिवळं पिक्रिक ॲसिड घालायचं, वर कॉस्टिक सोडा, आणि थोड्या वेळानं नळीत नारिंगी रंग चढतो. जितका गडद रंग, तितकं क्रिएटिनिन. यंत्रात नळी ठेवली की काटा हलतो. त्या दिवशी बरणीच्या नळीला रंग असा चढला की मी दोनदा बघितलं. आकडेमोड केली. पंचवीस. बाराचे पंचवीस. मी एप्रन न काढताच जेवणाच्या सुट्टीत घरी पळाले.

आई राजूरला परत निघायची तयारी करत होती, तिची गाय व्यायला झाली होती. मी दारातूनच सांगितलं. आईनं देवांपुढचा पडदा बाजूला सारला आणि कपाळ टेकलं. तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, आनंदानं. आई दुपारच्या गाडीनं गेली ती हसत गेली, माळीवाड्याच्या स्टँडवर कंडक्टरलाही तिनं सांगितलं म्हणे की माझी पोरगी बरी झाली.

संध्याकाळी डॉक्टरांसाठी कागद उतरवून घेत होते, तेव्हा तो पडताळा केला. त्यांनीच शिकवलेला: बरणीतलं दिवसाचं एकूण क्रिएटिनिन माणसाच्या वजनाशी जुळतं का बघायचं. मांस तेवढंच, तर कचरा तेवढाच. तुझं वजन महिन्याभरात उलट उतरलं होतं. रक्तातला आकडाही पहिल्या वेळेसारखाच, तसूभर कमी नाही. आणि बरणीत मात्र कचरा दुप्पट. पोतं तसंच, खडे दुप्पट. आले कुठून? मी कागद तसाच पिशवीत घातला आणि घरी आले.

तू चुलीशी होतीस. मी विचारलं, "अक्का, बरणीत काय मिसळलंस?"

तू वळलीसुद्धा नाहीस. "कळलं व्हय तुला? मी न्हाई मिसळलं. आईनं."

मग तू सांगितलंस. मी कामावर गेल्यावर आईनं बरणी उचलून बघितली, तर तळालाच थोडीशी. "म्हनली, आगं एवढीच? डागदर काय म्हनंल? तिचा जीव तळमळाया लागला. मग गेली चौकातल्या संडासात आन् सवताचा तांब्या भरून घिऊन आली. म्हनली, उसनी घालते, तुला बरं वाटलं की फेडशील."

मला हसू फुटलं. आईच ती. राजूरच्या बाजारात हॉटेलवाल्याला दुधाचा रतीब घालते, आणि तिथं रीतच आहे, एखादीची किटली अपुरी राहिली तर शेजारीण आपल्यातलं शेरभर दूध ओतते. हॉटेलवाल्यासमोर अपुरी किटली न्यायची म्हणजे घराची शोभा. पुढं कधीतरी दूध परत होतं, नाही तर होतही नाही. आईनं जन्मभर तेच केलं. आता पोरीची बरणी अपुरी दिसली तर ती गप्प बसणार होती थोडीच. आणि नुसतं पाणी ओतलं असतं तर आकडा हललाही नसता, कारण पाण्यानं लघवी वाढते पण कचरा तेवढाच राहतो. आईनं नेमकं तेच घातलं ज्यानं आकडा फसतो.

हसू संपलं आणि मी विचारलं, "आणि तू बघत बसलीस?"

"बघत बसले." तू तवा उतरवलास. "गव्हाचं तूच सांगितलं हुतं की. दुसऱ्याचे खडे घातले की गहू वाढतो."

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी शिकवलेलं तू माझ्यावरच उलटवलंस. मी चिडले, आवाज चढवला, खालच्या बिऱ्हाडातली रेडिओ बारीक करून ऐकायला लागली असेल. तू शांत होतीस. तू म्हणालीस, "जाऊ दे की हाच आकडा वर. डागदर घरी जा म्हनंल."

"आकडा वाढला म्हणून किडनी वाढत नाही, अक्का."

"किडनीचं कोन इचारतंय? मला घरी जायचंय."

मी सांगायला लागले, हा कागद वर गेला तर डॉक्टर मीठ चालू करतील, औषध बदलतील, तू तिकडं जाशील आणि चार-सहा महिन्यांत काहीतरी भलतंच होईल. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "आन् खऱ्या आकड्यावर किती महिनं?" मी हातातल्या कागदाची घडी घालत राहिले. तू म्हणालीस, "मंग तू भांडतीस कशापायी? दोन्हीकडं भिंतच हाय ना."

अक्का, त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण मी तेव्हाही ऐकलं नाही आणि आजही ऐकणार नाही. तुझा आकडा तुझाच असला पाहिजे, एवढंच मला कळत होतं. तू मरणार असलीस तर तुझ्या स्वतःच्या आकड्यावर मरणार होतीस, आईच्या तांब्याभर उसन्यावर नाही. मी तो कागद फाडला. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू रागानं रडत होतीस, दुःखानं नाही. मला तो फरक लहानपणापासून माहीत आहे.

तिसरी बरणी तू भरलीस ती माझ्यावर उपकार केल्यासारखी. एकच अट घातलीस, आकडा आधी मला सांगायचा, डागदराला मागनं, ह्यांना त्याच्याबी मागनं. मी त्या दिवशी रजा काढली आणि तुझ्यासोबत खोलीत बसले. तुझ्यावर पहारा ठेवायला, असं तू म्हणालीस. खरं होतं ते. पण तू महिनाभर ज्यात बसली होतीस ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सकाळी ऊन त्या भिंतीच्या वरच्या कडेवर येतं, तिथंच थोडा वेळ थांबतं आणि निघून जातं. खाली येतच नाही. टांग्याचे घोडे ऐकू येतात, बाजार ऐकू येतो, दिसत काही नाही. दुपारपर्यंत माझाच जीव गुदमरायला लागला. मी म्हटलं, जरा जिन्यात जाऊन येते. तू म्हणालीस, "जा की. तुला बरणी न्हाई."

त्या दुपारी तू ते सांगितलंस. लग्न करून तिकडं गेलीस तेव्हापासूनचं. दिवस उगवायच्या आधी आणि अंधार पडल्यावर, बायकांनी बाहेर जायचं ते एवढंच. मधल्या वेळात शेतात असो, घरात असो, दाबून धरायचं. म्हणून पाणीच कमी प्यायचं. उन्हाळ्यात खुरपताना जीभ टाळूला चिकटली तरी घागरीकडं बघायचं नाही. "सवय हुती," तू म्हणालीस. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हटलं, मग किडनीनं काय करायचं? वर्षानुवर्षं तू तिला उपाशी ठेवलंस. तू एकदम पेटलीस. "तुला काय, तुला दाराला कडी हाय. तुला मोरी हाय. आमी काय माळावर बसायचं व्हय, गडीमानसं बघत असताना?" मी डॉक्टरांना नंतर विचारलं, त्यामुळंच झालं का हे. ते म्हणाले, असं बोट ठेवून सांगता येत नाही, लहानपणी कधी घसा-ताप येऊन गेला असेल तर त्यानंही होतं. मी तुला हे सांगितलं नाही. आपण दोघी त्या खोलीत भांडलो ते भांडण कुणी जिंकलं ते मला अजून माहीत नाही. पण तू म्हणालीस ते खरं आहे, अक्का. मला कडी आहे.

त्या दिवशी अधूनमधून तू मोरीत जायचीस आणि मी भिंतीकडं तोंड करून बसायची. प्रत्येक वेळी बरणीत इवलंसं पडायचं, ते ऐकू यायचं. आपल्या दोघींनाही.

सकाळी शेवटची घेतली, बरणी पिशवीत घालून मी निघाले. या वेळी मी पडताळा आधी केला. कचरा तुझ्या वजनाशी बरोबर जुळला. मग भागाकार. दहा. अंगाच्या मापाला लावून दहा. मी ठरल्याप्रमाणं डॉक्टरांकडं न जाता घरी आले. तू दारातच उभी होतीस.

"किती?"

"दहा."

तू मान हलवलीस. म्हणालीस, "म्हंजी आता इथं ठिवून काय उपेग न्हाई." आणि लगेच आत जाऊन पातळाच्या घड्या करायला लागलीस. मी सांगत होते, मुंबईला यंत्र आहे, रक्त बाहेर काढून धुतात, दाजी न्यायला तयार आहेत. तू विचारलंस, "एकदा धुतलं की झालं?" मी म्हटलं, नाही, पुन्हा पुन्हा. "मंग ते बी ह्या खोलीवानीच," तू म्हणालीस. डॉक्टरांनी कागद बघितला. म्हणाले, तिला घरी जायचं असेल तर जाऊ दे.

म्हणजे खोट्या आकड्यावर तू घरी गेली असतीस आणि खऱ्या आकड्यावरही गेलीस. मग मी तो कागद कशासाठी फाडला, हे तुला विचारायचं राहिलं. तुला काय वाटलं ते मला कधी कळलंच नाही. स्टँडवर तू पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची फोड काढलीस, आईनं आणलेली, आणि माझ्याकडं बघत बघत तोंडात टाकलीस. तू चोखून चोखून खाल्लीस. गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून मंदीसाठी घेतलेला फुगा सांभाळत होतीस, त्यामुळं मागं वळून बघितलंच नाहीस.

तिकडं तू पावसाळा काढलास, बरी होतीस म्हणे. दाजी सांगत होते, अंगणात खाट टाकून बसायचीस, मंदीच्या वेण्या घालायचीस, शेजारणींना हुकूम सोडायचीस. मी एकदाच येऊन गेले, तेही रक्त न घेता. शेवटच्या आठवड्यात तुला उचक्या लागल्या, झोपेत बडबडायला लागलीस, आणि मग कारखान्याच्या जीपमधून दाजींचा निरोप आला. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता.

आता ते तेराव्याचं.

पंगत उठली होती. बायका भांडी घासत होत्या. आई मागच्या दारी एकटीच बसली होती, तिचं ताट तसंच झाकून ठेवलेलं. तू गेल्यापासून ती नीट जेवली नव्हती, सगळे सांगून थकले होते. मी तिच्याजवळ बसले. ती बराच वेळ मातीत रेघोट्या ओढत होती. मग म्हणाली, "कुशे, एक इचारू? तुझ्या खोलीवर बरनीत मी माझं वतलं हुतं. उसनं. तुला ठाव हाय का?"

मी तिच्या ताटावरचं झाकण नीट केलं.

"मला वाटलं पोरीची लाज ऱ्हाईल. मंग आकडा चांगला आला, मी देवाला हात जोडलं. आन् आता ती गेली. रोज इचार येतो, माझ्या वतन्यानं डागदर फसला का? त्यानं औषिद दिलं न्हाई का? मी मारली का माझी पोर?"

मी तिला गाईचं काहीतरी विचारलं, विषय बदलायला. तिनं माझा हात धरला. "न्हाई, खरं सांग. अक्का मला म्हनली हुती, आई, कुशी आकड्याचं खोटं बोलायची न्हाई. जगबुडी आली तरी न्हाई. काय बी झालं तर तिला इचार, ती खरं सांगंल."

तू आईला असं म्हणाली होतीस. मला तोंडावर कधी म्हणाली नाहीस, लोणचं खाऊन दाखवलंस, आणि आईला हे सांगून ठेवलंस.

मी तिच्याकडं बघितलं. तो कागद मी फाडला असं सांगितलं असतं, तर तिच्या ओतण्यानं आकडा फसला होता हेही सांगावं लागलं असतं. म्हटलं, "आई, चोवीस तासांच्या बरणीत तुझ्या तांब्याभरानं काय होतं? मी तपासलं होतं. तो आकडा अक्काचाच होता."

"खरं?"

"खरं."

तिनं माझ्या डोळ्यांत नीट बघून घेतलं. मग पदरानं तोंड पुसलं, ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागली.